चौथा बुश

रुआबांधा, भिलाई
३ सप्टेंबर २०२३

चि. अभिनव,

तुले मामाचे न मामीचे आशीर्वाद. तुझी लाल गाडी परवा आली. रायपूरवरून ट्रकवर चढवून आणली त्या लोकांनी. अर्धी गल्ली पाहायले गोळा झाली. मामीनं गाडीभोवती एक चक्कर मारला न पाटीवर लिहून विचारलं, "दोनच सीटा? मग आपण कुठं बसायचं?" तुह्याकडं उत्तर असन तर कळव.

कान गेल्यापासून ही पाटीच आमचा फोन आहे, तुले माहीतच आहे. म्हणून पत्र लिहून राहिलो. तूही पत्रच लिही. फोनवर मामी तुझं सगळं ऐकते न पाटीवर अर्धंच उतरवते. गाडीच्या गोठी तर तिले समजतही नाहीत.

तू म्हणला होता, वळणावर गाडीचं मागचं अंग झुलते. खरं आहे. काल जॅकवर घेतली. मागच्या दोन्ही आर्मचे दोन-दोन बुश खलास आहेत. मामीनं विचारलं, बुश म्हणजे काय. तिले सांगितलं, खुब्यात हाडावर हाड घासू नये म्हणून गादी असते ना, तशी ही रबराची गादी. चाकाचा हात न गाडीचं अंग जिथं जोडते तिथं ती बसते. ती गेली म्हणजे चाक आपल्या मनानं इकडंतिकडं पाहते. तुह्या गाडीचं रबर असं चिरलं आहे की एका जागी करंगळी जाते.

आता सांग, होते तसे रबराचेच टाकायचे का तू म्हणतो तसे पॉलीयुरेथेनचे? पीयूचा बुश कडक असते. गाडी हातात राहते, पण रस्त्यावरचा एकेक खडा कमरेले कळवते. बाहेरून मागवले तर दोन महिने लागतील. माह्या शेडमधल्या लेथवर मी करून देऊ शकतो. प्लांटच्या मशीन शॉपमध्ये एकतीस वर्षं दुसरं केलं काय? फक्त चारही बुश एकाच कडकपणाचे पाहिजेत. एक नरम न एक कडक झाला तर मागची दोन चाकं दोन मालकांचं ऐकतील.

पियूष बोरसीवरून येऊन गेला. असिस्टंट लोको पायलट झाला ते तुले माहीत असनच. दुर्गवरून मालगाडीवर जाते. एवढं मोठं इंजिन चालवणारा पोट्टा, पण तुह्या गाडीले हात लावायच्या आधी रुमालानं हात पुसला त्यानं. तुम्ही दोघं शाळेत असताना माह्या अंगणात सायकली खोलून बसत होते. तो खोललेली परत जोडत होता, तू नाही.

तुझा मामा,
दौलतराव


पुणे
१४ सप्टेंबर २०२३

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. हाताने पत्र लिहायची सवय राहिली नाही, आणि माझं मराठी म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, घरापुरतं. चुका झाल्या तर हसा.

पॉलीयुरेथेनचेच करा. मला गाडी कडकच पाहिजे. इथे ऑफिसमध्ये एकाकडे अशीच गाडी आहे, तो म्हणतो बुश बदलल्यावर गाडी दुसरीच झाली. आणि बाहेरचे कशाला? तुमच्या हातचे असताना मी डब्यातले का लावू? लोकांना सांगेन, माझ्या मामांनी लेथवर केले.

मामा, एकच विनंती. दिवाळीच्या आधी होईल ना? मी नऊ नोव्हेंबरला येतो आहे. पियूषला सांगून ठेवलं आहे, त्याने रजा टाकली. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ठरवलं होतं की पहिली कार ज्याची येईल तो दुसऱ्याला उतई रोडवर फिरवून आणेल. आता ते होणार, सच में.

अजून एक बातमी. कंपनी मला बहुतेक जर्मनीला पाठवेल, दोन वर्षांसाठी. अजून पक्कं नाही, म्हणून आईला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगतो.

मामीला सांगा, पहिली चक्कर त्यांची. तुम्ही गेटवर उभे राहून बघा.

तुमचा,
अभिनव


भिलाई
२९ ऑक्टोबर २०२३

चि. अभिनव,

काम झालं. चारही बुश बसवले. इंडस्ट्रियल एरियातून पिवळा पीयूचा रॉड आणला, त्यातून काढले, आत स्टीलची नळी, म्हणजे स्लीव्ह टाकली, ग्रीस भरलं. आर्म परत चढवताना पियूष मदतीले होता. बोल्ट जॅकवर कसले नाहीत, गाडी चार चाकांवर उभी करून मग कसले. हे पुष्कळ मेकॅनिक विसरतात.

परवा मी स्वतः चालवत उतईपर्यंत नेली न आणली. चाळीस-पन्नासनं. गाडी सरळ चालते. मामी बाजूले बसली होती, डोळे मिटून.

आता नीट वाच. बुश बदलले म्हणजे मागच्या चाकांचा कोन बदलला. रायपूरले नेऊन अलाइनमेंट करायची आहे. मी इथं दोरी लावून अंदाजानं केली आहे, पण दोरी म्हणजे दोरी. मशीनवर केल्याशिवाय साठच्या वर जायचं नाही. तू आल्यावर दुसऱ्या दिवशी आपण दोघं जाऊ. लक्षात ठेव, साठ.

बाकी सगळं बरं आहे. हात थोडे थकले या कामानं. वय झालं, दुसरं काय.

मामा


पुणे
४ डिसेंबर २०२३

ती. मामा,

पुण्याला पोहोचून आठ दिवस झाले. रोज लिहायला बसत होतो. तिथे असताना पाटीवर नीट सांगता आलं नाही. पाटी छोटी होती, आणि तुम्ही माझ्याकडे बघत होता. म्हणून आता सगळं लिहितो.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, तेरा तारखेला, चारच्या सुमारास आम्ही निघालो. अलाइनमेंट राहिली होती, रायपूरचं दुकान दिवाळीमुळे बंद होतं. उतईच्या अलीकडे पियूषने चावी मागितली. एवढ्या वर्षांचा दोस्त, नाही कसं म्हणणार? तो चालवायला बसला. शेतांमधून जो लांब वळणाचा रस्ता आहे तिथे स्पीड जास्त झाला. गाडी एकदम मागून सुटली. एक पूर्ण गिरकी घेतली आणि विजेच्या खांबावर आपटली. मला खांद्याला मार लागला तेवढाच. त्याचा पाय अडकला होता. गावातल्या लोकांनी दार कापून काढलं.

ठाण्यात रिपोर्ट झाला कारण खांब तुटला. चालवणारा पियूष, असं लिहिलं आहे. त्याने स्वतःच तसं सांगितलं.

मामा, त्याला काही विचारू नका. तो आधीच खचलेला आहे. आई असून अंजनाकाकूही त्याच्यावर चिडल्या आहेत. गाडी तुमच्या अंगणात आणून टाकली, त्याबद्दल माफ करा. तिच्यावर ताडपत्री टाकून द्या.

अभिनव


भिलाई
१७ डिसेंबर २०२३

चि. अभिनव,

तुझं पत्र मिळालं. "गाडी एकदम मागून सुटली" हे वाक्य वाचलं न मग पुढचं वाचणंच झालं नाही. मामीनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

तुले एक सांगायचं आहे. अपघात झाला त्या दिवसापासून सांगायचं आहे.

चार बुश झाले असं मी लिहिलं होतं. चार झालेच होते. पण चारही एका रॉडचे नव्हते. तीन चांगले उतरले. चौथा करताना हात थरथरला, टूल आत गेलं, भोक मोठं झालं. बुश वाया गेला न रॉडही संपला. नवा रॉड यायले आठ-दहा दिवस लागले असते. शेडमध्ये जुना तुकडा पडला होता, कधीचा कोण जाणे. रंग तोच पिवळा. नखानं दाबून पाहिला, थोडा नरम लागला. मले समजलं होतं, अभिनव. समजूनच लावला. मागचं डावं चाक, पुढचा बुश.

कावून लावला? घाई होती म्हणशीन तर होती. तुझी तारीख ठरली होती. पण खरं कारण ते नाही. दौलतराव लांजेवार बुश बिघडवते, हे मले कोणाले सांगायचं नव्हतं. तू लोकांले सांगणार होता ना, माह्या मामानं केले म्हणून. तुले कसं लिहू की मामाचा हात आता थरथरते? मामीलेही नाही सांगितलं. वाया गेलेला तुकडा कागदात गुंडाळून नाल्यात टाकून आलो.

म्हणजे पियूषचा पाय माह्या हातानं मोडला. तो स्वतःले दोष देऊन राहिला, त्याची माय त्याले दोष देऊन राहिली, न मी ताडपत्रीच्या इकडं बसून जेवून राहिलो. गाडी आणली तेव्हा मी तिच्याकडं नजरही वर केली नाही. तोंड फिरवूनच ताडपत्री टाकली.

मामीकडून कळलं, त्याच्या पायात सळई टाकली, गुडघा वाकत नाही. इंजिनवर चढता येणार नाही आता त्याले. मी बोरसीले जाऊन त्या दोघांले खरं सांगतो. तुले आधी कळवलं पाहिजे म्हणून लिहिलं.

मामा


पुणे
२६ डिसेंबर २०२३

ती. मामा,

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं? झालं ते झालं. मी तुमच्यावर रागावलेलो नाही, हे आधी मनातून काढा.

पण बोरसीला जाऊ नका. सांगून पियूषचा पाय बरा होणार नाही. उलट पोलिसांपर्यंत गोष्ट गेली तर या वयात तुम्हाला ठाण्याच्या चकरा. आईला कळलं तर तिला काय वाटेल? आहे ते तसंच राहू द्या. मी हे कोणालाही सांगणार नाही, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा.

जर्मनीचं पक्कं झालं. एप्रिलमध्ये जायचं आहे. व्हिसाचे कागद दिले आहेत.

तब्येतीला जपा.

अभिनव


पुणे
२० जानेवारी २०२४

ती. मामा,

तुमचं पत्र नाही. मामीला फोन केला तर त्या म्हणाल्या, "ते बोलतच नाहीत कोणाशी, शेडमध्ये बसून राहतात." तुम्ही बोरसीला गेला होता का? गेला नसाल तर जाऊ नका. गेला असाल तर कृपा करून काय झालं ते लिहा. दोन ओळी लिहा.

अभिनव


भिलाई
२ फेब्रुवारी २०२४

अभिनव,

गेलो होतो. चौदा जानेवारीले गेलो, तुझं हे दुसरं पत्र यायच्या आधीच. आतापर्यंत लिहिलं नाही कारण काय लिहावं ते समजून नव्हतं राहिलं.

जायच्या आधी एक काम केलं. ताडपत्रीचा मागचा कोपराच तेवढा उचलून डावा आर्म खोलला न तो चौथा बुश काढला. मनात होतं, रिकाम्या हातानं कसं जाऊ? तो त्यांच्यासमोर ठेवीन न म्हणीन, हा पाहा. बुश बाहेर आला तर अख्खा. चिरला नव्हता, सरकला नव्हता, स्लीव्ह जागेवर होती. कॅलिपर लावला, चार वेळा माप घेतलं. मापात होता. नरम होता म्हणून गाडी थोडी झुकली असन, मी नाही म्हणत नाही. शंभरातले किती टक्के त्याचे, हे मले या जन्मात समजणार नाही. पण बुश टिकला म्हणून माझं खोटं बोलणं पुसत नाही. म्हणून गेलो.

अंजनाबाईनं दार उघडलं. त्या घरात मी त्यांच्या मालकाच्या मयतीले गेलो होतो, त्यानंतर आताच. पियूष पलंगावर बसला होता. पाय स्टुलावर ठेवला होता, लाकडासारखा सरळ. मी उभ्यानंच सांगून टाकलं. बुश काढून पलंगावर ठेवला. म्हटलं, "पोरा, तुह्या हातून काही नाही झालं. हे माह्या हातून झालं. मी म्हातारा खोटं बोललो, न तुझा पाय गेला."

मी बोलून राहिलो तोवर त्याचं तोंड कसंतरी होऊन राहिलं होतं. मले वाटलं संतापला. म्हटलं मार मले, पण तसा पाहू नको. त्यानं उशीखालचा एक्स-रेचा लिफाफा ओढला न त्यावर पेनानं लिहिलं. जोरात लिहिलं, कागद फाटेपर्यंत. मग माह्यासमोर धरलं.

"काका, गाड़ी मैं नहीं चला रहा था."

मी दोनदा वाचलं. त्यानं खाली अजून लिहिलं. "मी बाजूच्या सीटवर होतो. अभिनवनं तसं बोलायला सांगितलं म्हणून मी बोललो."

अंजनाबाईनं त्याच्या हातातून लिफाफा घेतला. तिले माहीत नव्हतं, अभिनव. तिच्या पोरानं दोन महिने तिलेही सांगितलं नव्हतं. ती रोज सकाळी त्याले अंग पुसायले बसवायची न रोज बोलायची, कोणं सांगितलं होतं तुले दुसऱ्याची गाडी हाकायले, बापानं तीस वर्षं रेल्वेत लाइनवर काढली, एक दिवस असा नाही केला. हे मले मामीनं सांगितलं होतं, अंजनाबाईच्याच शेजारणीकडून कळलेलं. आता ती लिफाफा वाचून खाली बसली. रडली नाही. पियूषच्या त्या सरळ पायावर हात ठेवला न काहीतरी बोलली. पुष्कळ वेळ बोलत होती. मले ऐकू आलं नाही. पियूषले म्हटलं, काय म्हणते, लिही. त्यानं पेन बाजूले ठेवून दिला.

आता मले शरम वाटते ते सांगतो. तो लिफाफा वाचल्याबरोबर पहिले मले काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरला असं वाटलं. समोर ती बाई तशी बसली आहे, त्या पोट्ट्याची नोकरी इंजिनवरून उतरली, न मले बरं वाटून राहिलं. तिथून निघालो तर जिना उतरताना पाय हलके पडत होते. त्या हलकेपणाची मले अजून चीड येते.

घरी येऊन ताडपत्री ओढून काढली न पहिल्यांदा सगळी गाडी पाहिली. आंधळ्यालेही दिसलं असतं. डावी बाजू पार चेपलेली, उजवीकडं खरचटलंही नाही. चालवणारा उजवीकडं बसते न पाय पियूषचा मोडते? ड्रायव्हरची सीट मागं सरकवलेली, तुह्या सहा फुटाच्या हिशेबानं. पियूषचा पाय तिथून क्लचपर्यंत पोचलाच नसता. जन्मभर मशीनची चूक शोधायची नोकरी केली मी. पण आपल्या बुशच्या पलीकडं मले काही दिसलं नाही. आपलाच गुन्हा एवढा मोठा करून बसलो होतो.

तुह्या डिसेंबरच्या पत्रात लिहिलं आहेस, "मी हे कोणालाही सांगणार नाही." मी ते पत्र मामीले वाचायले दिलं होतं, पाहा म्हटलं, पोराचं मन केवढं. आता ते आठवलं की जेवण जात नाही.

पियूषच्या ऑफिसनं त्याच्याकडं खुलासा मागितला आहे. केस त्याच्या नावावर आहे म्हणून. मी ठाण्यात गेलो नाही. तुले मी दुसरीपासून वाढवलं, तुह्यासाठी एवढं थांबतो. तू ये. तू स्वतः सांग. महिनाअखेरपर्यंत वाट पाहीन, मग मी जाईन. मले ऐकू येत नाही, पण बोलता येते.

दौलतराव


पुणे
११ फेब्रुवारी २०२४

मामा,

मी चालवत होतो.

हे वाक्य आतापर्यंत कुठेच लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.

त्या दिवशी पियूषने चावी मागितलीच नाही. तो म्हणाला होता, "मामांनी साठ सांगितलं आहे ना, मग साठच." मी हसलो. म्हटलं, "मामा डरते हैं यार." रस्ता रिकामा होता. नव्वद झाले, शंभर झाले. गाडी अशी जमिनीला धरून चालली होती की मला वाटलं हिला काहीच होऊ शकत नाही. पियूष ओरडला, "धीरे कर, वळण आहे." मी एकशे दहावर त्या वळणात घुसलो आणि मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला. मागची बाजू पुढे आली. त्यात चौथ्या बुशचं काही नव्हतं, मामा. अलाइनमेंट मी केली नाही, स्पीड माझा होता. दुकान बंद होतं हे खरं, पण चार दिवस थांबता आलं असतं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तो स्ट्रेचरवर होता. त्याला इंजेक्शन दिलेलं, डोळे अर्धे मिटलेले. मी त्याच्या कानाशी वाकलो. म्हटलं, "पियूष, बोल दे कि तू चला रहा था. मेरा जर्मनी अटक जाएगा. तेरा क्या जाएगा, तू तो ठीक हो जाएगा." तो म्हणाला, "ठीक है." धड शुद्धीत नसलेल्या माणसाकडून मी हो म्हणवून घेतलं, आणि थोड्या वेळाने आलेल्या पोलिसांना त्याने तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, "मैंने बोल दिया क्या?" मी हो म्हणून मान हलवली. त्याने तोंड भिंतीकडे केलं. तेव्हा डॉक्टर म्हणत होते तीन महिन्यांत चालेल. तेव्हा बदलता आलं असतं. दहा दिवस मी तिथेच होतो, रोज बदलता आलं असतं.

आणि तुमचं ते पत्र. त्यात तुम्ही लिहिलं होतं की पाय तुमच्या हाताने मोडला. मामा, ते वाचून त्या दिवशी मी महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो. मला वाटलं, सुटलो. आता कोणी विचारलं तरी कारण आहे. तुम्ही शेडमध्ये बसून कुढत होता, आणि मी इथे तुम्हाला माफ करत होतो. तुम्ही ते मामीला दाखवलंत हे वाचल्यापासून मी आरशात बघून दाढी करत नाही, अंदाजाने करतो. हे पत्र चार वेळा फाडलं.

कंपनीला काल सगळं सांगितलं. माझ्या साहेबांनी फाइल बंद केली. एकोणीसला सकाळी दुर्ग स्टेशनवर उतरेन. आधी ठाण्यात जाऊ, मग बोरसीला, की आधी बोरसीला? तुम्ही सांगाल तसं. तुम्ही सोबत याल का, हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारतो.

अभिनव


पुणे
१८ मार्च २०२४

तीर्थरूप मामा,

परत येऊन तीन आठवडे झाले. केस माझ्या नावावर झाली. तारीख मे महिन्यातली आहे, येईन. जर्मनीला दुसऱ्याला पाठवलं. मला त्याचं वाईट वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाटतं. पण ज्याला त्याचं वाईट वाटतं तो माणूस मला आवडत नाही.

आईला सांगितलं. तिने दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः केला आणि विचारलं, "पियूषच्या आईचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

पियूषची आता इंजिनाऐवजी रेल्वेच्या ऑफिसातली नोकरी पक्की झाली हे तुम्ही कळवलं, दुर्गलाच. म्हणजे रोज तो इंजिनं येताना-जाताना बघेल. हे बरं की वाईट, मला ठरवता येत नाही.

बोरसीला आपण गेलो तेव्हा अंजनाकाकूंनी मला आत घेतलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी काय काय बोललो ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं, पण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता. मी माफी मागितली. काकू म्हणाल्या, "मी माह्या पोराले दोन महिने शिव्या दिल्या. ते मले कोण माफ करीन?" एवढंच. नंतर ठाण्यात जायला निघालो तेव्हा जिन्यावर मी पियूषला हात दिला होता. तुम्ही पुढे होता, तुम्हाला दिसलं नसेल. त्याने कठडा धरला आणि एकेक पायरी आपली आपण उतरला. मी मागे रिकामा हात घेऊन उतरलो.

आता जे सांगायचं राहिलं ते.

ठाण्यात तुम्ही माझ्या आणि पियूषच्या मध्ये बसला होता. तुम्ही बुश टेबलावर ठेवून त्याची सगळी हकिकत सांगितली, साहेबांनी ती ऐकून घेतली आणि बुश परत तुमच्या हातात दिला. मग माझा जबाब झाला. मग त्यांनी पियूषला काहीतरी विचारलं आणि त्याने उत्तर दिलं. तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवून खुणेने विचारलंत, काय म्हणाला? मी मान हलवली, काही नाही म्हणून. तुमच्या खिशात छोटी पाटी होती, ती तुम्ही पुढे केलीत. मी घेतली नाही.

म्हणजे खरं सांगायला गेलेलो असतानाही तुमच्याशी एकदा खोटं बोललोच. ते मिटवून टाकतो.

साहेबांनी त्याला विचारलं होतं, "तेरा पैर गया, नौकरी गई, फिर भी तूने इसके लिए झूठ क्यों बोला?"

पियूषने माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "दोस्त था, साहब."

तुमचा,
अभिनव